ऑनलाइन मागवलेला फोन: घ्या, पण जुना फोन बदल्यात देऊ नका

फोन चांगला आहे. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की फोनच खराब निघाला. ८ जीबी रॅम, १२८ जीबी जागा, ५००० एमएएचची बॅटरी, फाइव्ह-जी. मी घेतला तेव्हा चौदा हजारांच्या आसपास हे सगळं देणारे चार-पाच फोन बाजारात होते, आणि त्यांच्यात फरक करायचा तर मागची कॅमेऱ्याची गोल-चौकोनी पट्टीच बघावी लागायची. त्यामुळं कंपनीचं नाव लिहीत बसत नाही. ज्या ॲपवरून मागवला त्याचंही घेत नाही, कारण जी तक्रार करणार आहे ती कमीजास्त सगळ्यांनाच लागू पडेल.

मी अंगणवाडी सेविका आहे, औसा तालुक्यात. आमचं रजिस्टर आता फोनमध्येच असतं. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर रोजची हजेरी, मुलांची वजनं-उंच्या, गरोदर बायांच्या नोंदी. २०२१ साली राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी फोन परत केले होते ते आठवत असेल. २ जीबी रॅमवर काम होत नाही, हे एक मोठं कारण होतं. तेव्हापासून माझं काम माझ्याच फोनवर. त्यातही १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार वाटताना लाभार्थीचा चेहरा कॅमेऱ्यानं ओळखून नोंद करावी लागते. माझा जुना ३ जीबीचा फोन चेहरा ओळखायला बसला की समोरच्या बाईचं लेकरू झोपून उठायचं. मग ठरवलं, आता बदलायचाच.

२०२५ चा दसरा-दिवाळीचा सेल होता. नवरात्राच्या पहिल्या दिवसापासून, २२ सप्टेंबरपासून, जीएसटी उतरला म्हणून गावात सगळे मोठ्या टीव्हीच्या, एसीच्या गोष्टी करत होते. मोबाइलवर मात्र १८ टक्के होता तो १८ टक्केच राहिला. लातूरच्या दुकानात विचारलं तर ऑनलाइनपेक्षा बाराशे रुपये जास्त. त्याच सप्टेंबरच्या पावसात आमचं सोयाबीन पाण्याखाली गेलेलं, त्यामुळं बाराशे रुपये सोडून द्यायची ऐपत नव्हती. भाच्याचं क्रेडिट कार्ड होतं, त्यावर आणखी सूट मिळाली. त्यानं 'नो कॉस्ट ईएमआय' करू का म्हणून विचारलं. नको म्हटलं. बिनव्याजी म्हणतात, पण बँक व्याज लावतेच. तेवढी सूट किमतीत आधी दिलेली असते इतकंच. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच खिशातून जातो, आणि बऱ्याच बँका वर प्रोसेसिंग फी घेतात ती वेगळी. रक्कम फार नसते, पण 'नो कॉस्ट' लिहिलंय म्हणून शून्य धरू नका.

ऑर्डर करतानाच ॲपनं विचारलं, जुना फोन बदल्यात द्यायचा का? मॉडेल निवडलं, चालू आहे, काच फुटलेली नाही असं भरलं, आणि २९०० रुपये कमी झालेले दिसले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आमच्या पिनकोडला 'आज पोहोचेल' याचा अर्थ फाट्यापर्यंत पोहोचेल असा आहे. दुपारी पोराचा फोन आला.

"ताई, गावात येऊ व्हय? रस्ता लई बेकार झालाय पावसानं. फाट्यावर या की, हॉटेलापाशी थांबतो."

गेले. पोरगा चांगला होता, हे मुद्दाम लिहिते, कारण लोक रेटिंग देताना सगळा राग याच पोरांवर काढतात. खोकं त्यानं माझ्यासमोर उघडलं, सील फोडायच्या आधी त्याचा फोटो काढला, फोन हातात दिला. ओटीपी त्यानं आधी मागितला नाही, आणि तुमच्याकडं कुणी आधी मागितला तर देऊ नका. ओटीपी दिला म्हणजे माल मिळाला, पसंत पडला असं तुम्ही लिहून दिलंत.

तिथं उभ्या उभ्या करायची एक गोष्ट मात्र सगळ्यांनी करावी. नवा फोन सुरू करून *#०६# डायल केलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख-नंबर, दिसतो. खोक्यावर छापलेल्या नंबराशी तो जुळवायचा. मग इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून, तोच नंबर १४४२२ वर एसएमएस करायचा. ही दूरसंचार खात्याची सोय आहे. फोन कुठल्या कंपनीचा, मॉडेल कुठलं, त्याची माहिती येते. चोरीचा म्हणून बंद केलेला नंबर असेल तर तेही कळतं. मी हा एसएमएस जुन्या फोनवरून केला. चहाचा कप येईपर्यंत उत्तर आलं.

आता एक्सचेंज. पोरानं जुना फोन हातात घेतला, त्याच्या ॲपमध्ये एकेक प्रश्न. काचेवर रेघ आहे का. आहे, बारीक. कड चेपली आहे का. खालचा कोपरा थोडा. चार्जिंगची पिन हलते का. त्यानं पिन घालून हलवून बघितली. मागच्या कॅमेऱ्यानं हॉटेलच्या पाटीचा फोटो काढला, मोठा करून बघितला. प्रत्येक उत्तराला वरचा आकडा खाली. मोंढ्यात माल उतरवून झाला की अडत्या मूठभर सोयाबीन तळहातावर घेऊन ओलावा, माती, डागी दाणा म्हणत भाव पाडतो, तसा २९०० चा भाव ११०० वर आला.

"एवढं कसं कमी झालं रे?"

"मी नाही ठरवत ताई. ॲपच ठरवायलंय. मी निस्तं हो-नाही दाबायलोय."

खरं होतं ते. तरी अकराशे म्हणजे अकराशे. त्यावरही मी कदाचित मान हलवली असती. पण पुढचं वाक्य आलं: "आता गुगल अकाउंट काढा आन् रिसेट मारून द्या."

म्हणजे बघा. नवा फोन खोक्यातून नुकताच बाहेर आलेला. त्यात सिम नाही, नेट नाही, व्हॉट्सॲप नाही, एकही फोटो नाही. आणि जुना फोन त्याच क्षणी पुसून कोरा करून त्या पोराच्या पिशवीत टाकायचा. त्याच्याकडं अजून पार्सलांची थप्पी, तो माझ्यासाठी तासभर थांबणार नाही, थांबावंही का? ज्यानं कुणी ही पद्धत काढली, त्याच्या डोळ्यांसमोर घरी वाय-फाय असलेला आणि सगळा माल आधीच क्लाउडवर चढवून बसलेला माणूस असणार. आमच्याकडं रोजचा दोन जीबीचा पॅक. गुगल फुकट देतं १५ जीबी, त्यात जीमेल, फोटो आणि आता व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा मोजतात. माझ्या जुन्या फोनवर फोटो-व्हिडिओच वीस जीबीचे. सुपरवायझर मॅडमला पाठवलेले पोषण महिन्याचे फोटो, मुलीचं गॅदरिंग, सासऱ्यांचे शेवटचे दोन व्हिडिओ. रोज दोन जीबीनं चढवायचे म्हटलं तर दहा दिवस दुसरं काही बघायचं नाही, आणि तरी जागा पुरणार नाही.

एक्सचेंज रद्द कर म्हटलं. पोरानं काही खळखळ केली नाही, म्हणाला, "मग वरचे एकोणतीसशे भरावे लागतील." त्याच्या फोनवरचा क्यूआर कोड स्कॅन करून भरले. कुठल्या फोनवरून भरले? ज्याला तो पुसून न्यायला आला होता, त्याच.

त्या दिवसापासून मी भेटेल त्याला सांगते, की एक्सचेंजची किंमत रुपयांत बघू नका. नवा फोन चालू होताना पावलोपावली जुन्याकडं बघतो. नव्यात गुगल अकाउंट टाकलं की जुन्या फोनवर विचारणा येते, हे तुम्हीच का? व्हॉट्सॲप नव्यात टाकलं की त्याचा कोड जुन्यातल्या व्हॉट्सॲपवरही येऊ शकतो. व्हॉट्सॲपमधल्या सगळ्या गप्पा न्यायच्या तर जुन्या फोनच्या सेटिंगमध्ये 'ट्रान्सफर चॅट्स' आहे; दोन्ही फोनचं वाय-फाय आणि लोकेशन चालू ठेवायचं, शेजारी शेजारी ठेवायचे, नव्यावर दिसणारा क्यूआर जुन्यानं स्कॅन करायचा. क्लाउडवर काही चढवावं लागत नाही. माझे पाच-सहा वर्षांचे ग्रुप जसेच्या तसे आले, त्यात बरेच नको असलेलेही आले. फोटो केबलनं आणि शेजारच्या फोनला थेट पाठवायच्या सोयीनं नेले. हे सगळं रात्री जेवणं झाल्यावर, लाइट असेल तेव्हा, सावकाश करायचं काम आहे.

सिमचं मात्र वेगळंच नाटक झालं. माझा नंबर जुना. आधारला तोच, बँकेला तोच, गॅसला तोच, ह्यांच्या शेतीच्या अनुदानाला पण तोच दिलेला. सिमही तेवढंच जुनं, कधीतरी एका दुकानदारानं कटरनं कापून बारीक केलेलं. नव्या फोनच्या ट्रेमध्ये ते नीट बसेना. बसलं तर 'सिम नाही' म्हणे. साधारणपणे फोर-जीचंच सिम फाइव्ह-जीला चालतं, नवं घ्यायची गरज नसते. माझं कापलेलं होतं म्हणून बदलावं लागलं.

औशाला कंपनीच्या दुकानात गेले. आधारवर अंगठा. अंगठा जुळेना. काउंटरवरच्या पोरीनं मशिनची काच पुसली, मला हात धुऊन यायला लावला, मग दुसरं बोट, मग डावा हात. भांडी, शेतातली खुरपणी, अंगणवाडीतलं सगळं करून बोटांच्या रेषा राहतात कुठं. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. नवं सिम देताना ती म्हणाली:

"मॅडम, नंबर चालू होईल, फोन लागतील. पण चोवीस तास मेसेज येणार पण न्हाईत आन् जाणार पण न्हाईत. बँकेचं काय आसंल तर उद्या करा."

हा नियम आहे, दुकानाचा आळस नाही. दुसऱ्याच्या नावाचं डुप्लिकेट सिम काढून, ओटीपी आपल्याकडं वळवून खाती रिकामी करायचे प्रकार वाढले, म्हणून २०२२ च्या शेवटी दूरसंचार खात्यानं सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास एसएमएस बंद ठेवायला सांगितलं. १ जुलै २०२४ पासून आणखी एक: सिम बदललं की सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही. दोन्ही नियम मला पटतात. मधल्या काळात कुणी आपल्या नंबरवर डल्ला मारला तर निदान कळायला एक दिवस मिळतो. पण नवा फोन आणि नवं सिम एकाच दिवशी आलं तर हाल होतात, हेही तितकंच खरं.

कारण यूपीआय. फोन-पे, गुगल-पे, भीम, कुठलंही घ्या. नव्या फोनवर सुरू करताना ते ॲप तुमच्या सिममधून गुपचूप एक एसएमएस पाठवतं. त्यावरून बँकेला कळतं की हा नंबर याच फोनमध्ये आहे. एसएमएसच बंद, तर ही गाठ बांधली जात नाही. ॲप म्हणत राहतं 'पडताळणी अयशस्वी', आणि माणूस फोन खराब आहे असं धरून चालतो. माझ्या जावेनं तर "परत करून टाका" म्हणून सल्लाही दिला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेनंतर तेच ॲप पहिल्या झटक्यात चालू झालं. पिनही जुनाच चालला. फक्त त्या एसएमएससाठी पॅकमध्ये मेसेज किंवा थोडा बॅलन्स हवा. नुसत्या इनकमिंगवर ठेवलेलं सिम असेल तर तिथं अडकाल.

त्याच्याही पुढं एक आडकाठी आहे. नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिल्या चोवीस तासांत पाच हजारांच्या वर पैसे जात नाहीत. आयफोनवाल्यांना ही मर्यादा बहात्तर तास असते म्हणे, आमच्या गल्लीत तो प्रश्न नाही. बचत गटाचा हप्ता, खताच्या दुकानाची उधारी, पोराची कॉलेजची फी, असं काही तोंडावर असेल तर आधी भरून टाका, मग फोन बदला. आणि सिम जुनं, कापलेलं असेल तर नवा फोन ऑर्डर करायच्या आधीच्या आठवड्यात जुन्या फोनमध्ये असतानाच बदलून आणा. ओटीपीचा तो बंद दिवस मग निवांत निघून जातो. आमच्याकडं नेमकं तेव्हाच अतिवृष्टीच्या अनुदानाच्या मेसेजची वाट बघणं चालू होतं. ह्यांनी दिवसभर माझ्या फोनकडं असं बघितलं की पैसे मीच अडवून धरलेत.

आता फोनाबद्दल. अंगणवाडीत पहिल्याच आहारवाटपाला फरक कळला. एक नवी बाळंतीण आली होती, पदर कपाळापर्यंत ओढलेला, कडेवर लेकरू. कॅमेरा समोर धरला की ती खाली बघायची. शेजारची म्हातारी म्हणाली, "अगं बघ की वर, बाई काय खातेय का तुला!" ती हसली, वर बघितलं, डोळे मिटून उघडले, आणि नोंद झाली. जुन्या फोनवर एवढ्यात कॅमेरा उघडला पण नसता. पण उन्हाच्या दारात पाठ करून उभं केलं तर नवा फोनही चेहरा ओळखत नाही. उजेड तोंडावर यायला हवा. मी आता बायांना खिडकीकडं तोंड करून उभं करते.

फाइव्ह-जीसाठी कुणी घेत असेल तर थांबा. देशात ते १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, आणि आमच्या फाट्यावर आज मस्त चालतं. गावात शिरलं की चिन्ह दिसतं, नेट मात्र फोर-जीइतकंच. अंगणवाडीच्या खोलीत तेही लपंडाव खेळतं. शिवाय रेंज शोधत शोधत बॅटरी जास्त खातं. मी सेटिंगमध्ये जाऊन फोर-जीवर ठेवलाय, बॅटरी दीड दिवस जाते. रॅमसाठी घ्या, फाइव्ह-जी आपोआप येतंच.

कॅमेरा दिवसा छान. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात काढलेले फोटो बघून पुण्याच्या नणंदेनं विचारलं, कुठला फोन घेतला? कोपीतली पूजा, भज्जीचं पातेलं, आंबिलाचं मडकं, सगळं लख्ख आलंय. अंधार पडल्यावर मात्र चेहरे पिठूळ होतात. रब्बीची ई-पीक पाहणी ह्यांनी याच फोनवरून केली. हरभऱ्यात उभं राहून लोकेशन पटकन पकडलं, जुन्यावर बांधावरून इकडंतिकडं फिरावं लागायचं.

जाहिराती हा मोठा वैताग. लॉक उघडायच्या आधीच पडद्यावर चित्रं, बातम्या, 'हे डाउनलोड करा'. न मागता आलेली खेळांची, कर्जाची ॲपं. अर्धी काढून टाकता येतात, उरलेली नुसती बंद करता येतात. लॉकच्या पडद्यावरची चित्रं सेटिंगमध्ये बंद होतात. पण ते बटण कुठं आहे हे कंपनीनं इतकं लपवलंय की मला कॉलेजातल्या मुलीला बसवावं लागलं. कर्जाची ॲपं पहिल्या दिवशीच काढा, विशेषतः घरात सासू-सासरे फोन हाताळत असतील तर.

बिल ॲपमधून लगेच डाउनलोड करून ठेवा. माझं बिल भाच्याच्या नावावर आहे, कारण खातं त्याचं. वॉरंटीला बिलाची तारीख आणि आयएमईआय लागतो. सर्व्हिस सेंटर लातूरला, औशाला नाही.

काच लावायला औशातल्याच मोबाइलवाल्याकडं गेले. दीडशे रुपये. काच बसवता बसवता त्यानं टोमणा मारलाच, "फोन मागवायचा ऑनलाइन, आन् काचेला आमी!" मी म्हटलं, बाराशे रुपयांचा फरक होता, दादा. तो म्हणाला, "मग जुन्याचं काय केलं?" सांगितलं, घरीच आहे. त्यानं तोंडी मॉडेल विचारलं आणि सोळाशे म्हणाला. कोपरा चेपलाय, रेघ आहे, हेही सांगितलं. "चालतंय. कवाबी आणा. फोटोबिटो सगळं निघालं का बघा, मग आणा. मला काय घाई न्हाई."

संक्रांतीनंतर नेऊन दिला. त्यानं समोर बसवून आधी गुगल अकाउंट काढायला लावलं, मग रिसेट, मग आधारची झेरॉक्स घेऊन वहीत आयएमईआय लिहिला आणि माझी सही घेतली. अशी वही ठेवणाऱ्यालाच जुना फोन विका, नाहीतर पुढं तो कुठं सापडला तर पोलीस तुमचं दार वाजवतील. सोळाशेतले दीडशे काचेचे राहिले होते ते त्यानं कापून घेतले.